पुरुषाच्या वाटणीचं काम

गर्भनिरोधक गोळीच्या इतिहासात जॉन रॉक यांचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. हे अमेरिकेतले कॅथलिक स्त्रीरोगतज्ज्ञ. 1960 साली अमेरिकी औषध प्रशासनानं संततिनियमनासाठी जी गोळी मान्य केली, तिच्या चाचण्यांत त्यांचा मोठा वाटा होता आणि पुढे चर्चशी वाद घालायलाही तेच उभे राहिले. पण त्याच रॉक यांनी साठच्याच दशकात डेरेक रॉबिन्सन या सहकाऱ्याबरोबर आणखी एक प्रयोग केला, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. त्यांनी पुरुषांना उष्णता धरून ठेवणारी जाड अंतर्वस्त्रं घालायला दिली. काही आठवड्यांनी शुक्राणूंची संख्या घटली आणि वापर थांबवल्यावर ती पुन्हा वर आली. 1965 आणि 1967 साली वैद्यकीय नियतकालिकांत हे रीतसर छापून आलं. त्यानंतर गोळी जगभर गेली आणि चड्डी कपाटात राहिली.

प्रस्तुत पुस्तिका त्या कपाटाविषयी आहे. ‘पुरुषांसाठी निरोध आणि नसबंदी सोडली तर दुसरं काही नाही’ हे वाक्य डॉक्टर, सरकारी भिंतीवरचे फलक आणि नवरेमंडळी इतक्या सहजपणे म्हणतात की ते खरं आहे का, हे तपासायला कुणी जात नाही. बाजारात काही नाही, इतकंच त्यात खरं आहे. माहिती होती, प्रयोग झाले होते, काही जोडप्यांनी त्यांच्या भरवशावर वर्षानुवर्षं संसारही केला होता. मग ते पुढे का गेलं नाही? माझ्या मते त्याचं कारण शरीरशास्त्रात सापडत नाही. पुरुषाकडे कुणी हे मागितलंच नाही, आणि जिथे काही पुरुषांनी ते स्वतःहून मागितलं, तिथे साधन तयार झालं. पुढची पानं वाचताना वाचकानं एवढं ध्यानात ठेवलं तर पुरे.

आधी शरीराविषयी थोडं. पुरुषाचे वृषण पोटात न राहता बाहेर लोंबतात, कारण शुक्राणू तयार व्हायला शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी उष्णता लागते. ती वाढली की उत्पादन मंदावतं. मोठा ताप येऊन गेलेल्या माणसाच्या वीर्यात पुढचे काही आठवडे शुक्राणू कमी सापडतात, हे 1941 सालीच मॅक्लिऑड आणि हॉचकिस या अमेरिकी संशोधकांनी नोंदवलं होतं. एका शुक्राणूला तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे आजच्या उष्णतेचा परिणाम आज दिसत नाही, आणि आज उष्णता काढून घेतली तरी माणूस उद्या पूर्ववत होत नाही. यातलं काहीच आपल्याकडच्या डॉक्टरांना नवीन नाही. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही वंध्यत्व केंद्रात जा. मूल हवं असलेल्या पुरुषाला घट्ट अंतर्वस्त्रं घालू नका, गरम पाण्याच्या टबात बसू नका, लॅपटॉप मांडीवर ठेवू नका, असं बजावून सांगतात. मूल हवं असतं तेव्हा ही माहिती पुरुषाला आवर्जून दिली जाते. मूल नको असतं तेव्हा त्याच माहितीचा काही उपयोग आहे का, हे विचारायचं मात्र राहून जातं.

ते विचारणारी एक बाई भारतातच होती. डॉ. मार्थ फोगेली या स्विस डॉक्टर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरीच वर्षं भारतात काम करत होत्या. सततच्या बाळंतपणांनी खंगलेल्या बायका पाहून त्यांनी उपाय पुरुषाच्या बाजूनं शोधायचा ठरवला. त्यांची पद्धत अगदी बिनखर्चाची होती. 116 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ 47 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात रोज पाऊण तास वृषण बुडवून बसायचं, असं सलग तीन आठवडे करायचं. त्यानंतर साधारण सहा महिने गर्भ राहत नाही आणि पुढे प्रजननक्षमता परत येते, असा त्यांचा अनुभव होता. 1950च्या दशकात त्यांनी तो लिहून काढला आणि ठिकठिकाणी कळवला. प्रयोगातले पुरुष मोजकेच होते, आजच्या कसोटीवर तो पुरावा तोकडाच ठरेल, आणि इतक्या गरम पाण्यानं कातडी भाजण्याचा धोकाही उघड आहे. कुणी घरी करून पाहावं म्हणून मी हे सांगत नाही. पण 1952 साली, म्हणजे जगात सर्वांत आधी, ज्या देशानं सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, त्याच देशात झालेला हा प्रयोग पुढे नीट तपासून पाहावा असं त्या कार्यक्रमाला वाटलं नाही. बादलीभर गरम पाण्यात कुठल्या कंपनीला नफा दिसणार होता म्हणा!

उष्णतेची पद्धत खऱ्या अर्थानं हाताळली गेली ती फ्रान्समध्ये, आणि तिथेच का, हे समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धानंतर लोकसंख्या वाढवण्याच्या हट्टापायी फ्रान्सनं 1920 साली गर्भनिरोधनाच्या प्रचारावर बंदी घातली. गर्भनिरोधकांना कायदेशीर वाट मिळाली ती 1967 मध्ये. गर्भपाताला 1975 मध्ये. नसबंदीचं तर विचारूच नका. धडधाकट माणसाचा अवयव निकामी करणं म्हणजे इजा, असा जुना कायदेशीर विचार तिथे इतका घट्ट होता की ती शस्त्रक्रिया स्पष्टपणे कायदेशीर व्हायला 2001 साल उजाडलं. आणि आजही पहिल्या भेटीनंतर चार महिने थांबल्याशिवाय ती करत नाहीत. म्हणजे सत्तरच्या दशकात ज्या फ्रेंच पुरुषाला जबाबदारी घ्यायची होती, त्याच्यापुढे निरोध होता किंवा ऐनवेळी बाजूला होणं होतं. या दुसऱ्या उपायाला हसू नये. फ्रान्समधली जन्मसंख्या अठराव्या शतकाच्या अखेरीस घटू लागली तेव्हा ना गोळी होती ना तांबी. ती घट मुख्यतः याच, पुरुषाच्या हातातल्या उपायानं घडली असं लोकसंख्येचे अभ्यासक मानतात.

गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्या स्त्रियांच्या घरांत आणि बैठकांत जे पुरुष होते, त्यांच्यातल्या काहींना स्वस्थ बसवेना. आपली बायको किंवा मैत्रीण रोज गोळी घेते, डोकेदुखी आणि मळमळ सोसते, आणि आपण काय करतो? त्यांनी गट केले, एकमेकांशी बोलू लागले आणि 1979 साली ‘आर्देकॉम’ नावाची संस्था काढली. पुरुषांच्या गर्भनिरोधनाचं संशोधन आणि विकास हाच तिचा हेतू. या मंडळींनी डॉक्टरांची दारं ठोठावली. पॅरिसमध्ये संप्रेरकांच्या गोळ्या आणि त्वचेवर चोळायचं टेस्टोस्टेरॉन असा प्रयोग झाला. दक्षिणेतल्या तुलूझमध्ये डॉ. रोजे मियूसे आणि त्यांचे सहकारी उष्णतेकडे वळले.

तुलूझच्या पद्धतीत पाणी नाही, दिवा नाही, विजेची तार नाही. उष्णता वापरायची ती शरीराचीच. पुढच्या बाजूला भोक ठेवलेली, नीट मापाची एक चड्डी शिवली. त्या भोकातून लिंग आणि वृषणकोशाची कातडी बाहेर काढायची की वृषण आपोआप वर सरकून लिंगाच्या मुळाशी, जांघेजवळ टेकतात. तिथे त्यांचं तापमान सुमारे दोन अंशांनी वाढतं. दिवसाला पंधरा तास चड्डी घालायची, रात्री काढून ठेवायची. साधारण तीन महिन्यांत बहुतेकांची शुक्राणूंची संख्या एका मिलिलिटरला दहा लाखांच्या खाली येते. (निरोगी पुरुषात ती कित्येक कोटी असते.) ही मर्यादा गाठल्याचं तपासणीत दिसल्यावरच जोडप्यानं इतर साधनं सोडायची, आणि तपासणी पुढेही ठराविक काळानं चालू ठेवायची. चड्डी बंद केली की सहा ते नऊ महिन्यांत संख्या पूर्वपदावर येते. एका माणसानं ती सलग चार वर्षांपेक्षा जास्त वापरू नये, असं डॉक्टरांनीच ठरवून दिलं आहे. जांघेतला हर्निया असलेले, लहानपणी वृषण न उतरलेले किंवा शिरा फुगलेले पुरुष यातून वगळले जातात.

इथे मराठी वाचकाच्या मनात पैलवानाचा लंगोट आल्याशिवाय राहणार नाही. तो बांधणाऱ्यांना मुलं होतातच. नुसत्या घट्टपणानं हा परिणाम साधत नाही. वृषण वर सरकून तिथेच टिकले पाहिजेत आणि दिवसाचे तास भरले पाहिजेत. मियूसे आणि त्यांचे सहकारी लुई ब्यूजाँ यांनी 1994 साली या पद्धतीचा जो अभ्यास छापला, त्यात मोजक्याच जोडप्यांचा अनुभव होता, आणि जे पुरुष नियमानं वागले त्यांच्या बाबतीत निकाल गोळीच्या तोडीचे होते. तरी मोजके ते मोजकेच. औषधं आणि साधनं मान्य करणाऱ्या यंत्रणा शेकड्यांनी जोडपी मागतात, आणि शेकड्यांचा खर्च करायला पुढे कुणी आलं नाही.

मला या कथेतला सर्वांत आवडलेला भाग याच्या नंतरचा आहे. 2012च्या अखेरीस फ्रान्समध्ये काही नव्या प्रकारच्या गोळ्यांमुळे रक्ताच्या गाठी होतात, यावरून मोठं वादळ उठलं. हजारो स्त्रियांनी गोळी सोडली. घराघरांत पुन्हा तोच जुना विषय निघाला आणि तीसेक वर्षं तुलूझच्या इस्पितळात पडून राहिलेली चड्डी नव्या पिढीच्या हाती आली. डॉक्टर थोडे, मागणी जास्त. मग तरुण मुलं शिवणयंत्र घेऊन एकत्र बसू लागली. कुणी कापड बेतायचं, कुणी इलॅस्टिक लावायचं, कुणी पहिल्या आठवड्यात कुठे काचलं ते मोकळेपणानं सांगायचं. जन्मात सुई हातात न धरलेले पुरुष स्वतःच्या गर्भनिरोधनाची शिवण घालताहेत, हे दृश्य मला कुठल्याही घोषणेपेक्षा बोलकं वाटतं. त्या बैठकांत वीर्य तपासणीचे अहवाल एकमेकांना दाखवले जात. ज्या आकड्यावरून पुरुषाची मर्दानगी मोजली जाते, तो आकडा घसरला म्हणून तिथे अभिनंदन होत असे!

मक्सिम लाब्री या परिचारकानं चड्डीऐवजी सिलिकॉनची एक कडी तयार केली. काम तेच, वापर सोपा. ती पाहता पाहता हजारो पुरुषांपर्यंत पोचली. डिसेंबर 2021 मध्ये फ्रान्सच्या औषध सुरक्षा यंत्रणेनं तिची विक्री थांबवली. तिला युरोपचं प्रमाणपत्र नव्हतं आणि परिणामकारकता व सुरक्षितता यांच्या चाचण्या झालेल्या नव्हत्या. या निर्णयावर पुष्कळ आरडाओरडा झाला. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. स्त्रियांच्या शरीरावर अर्धवट तपासलेली साधनं लादली गेली म्हणून आपण इतकी वर्षं भांडत आलो. तीच सैल मोजपट्टी पुरुषांना लावावी असं कसं म्हणता येईल? फक्त ‘थांबवा’ म्हणणाऱ्या यंत्रणेनं चाचणीला पैसे कुठून येतील याचंही उत्तर द्यायला हवं होतं.

पैशाइतकाच मोठा अडसर हिशोबाच्या रीतीचा आहे. औषधाचा फायदा आणि तोटा वैद्यकशास्त्र एकाच माणसाच्या शरीरात तोलतं. स्त्रीच्या बाबतीत एका पारड्यात गोळीचे दुष्परिणाम, दुसऱ्यात गरोदरपण आणि बाळंतपणाचे धोके. त्यामुळे गोळीला बरीच सूट मिळते. पुरुषाला गरोदरपणाचा धोका शून्य, म्हणून त्याच्या औषधाला दुष्परिणामांची सूटही जवळजवळ शून्य. दर आठ आठवड्यांनी घ्यायच्या पुरुषांच्या संप्रेरक इंजेक्शनची एक आंतरराष्ट्रीय चाचणी 2011 मध्ये अशाच कारणानं लवकर आवरण्यात आली. 2016 साली निष्कर्ष छापून आले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी पुरुषांना दुष्परिणाम सोसवेनात म्हणून त्यांची टर उडवली. प्रत्यक्षात चाचणी थांबवली ती सुरक्षिततेवर नजर ठेवणाऱ्या समितीनं. तीनशे वीस पुरुषांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांनी, हे इंजेक्शन मिळालं तर आपण घेऊ, असं सांगितलं होतं. मनःस्थिती बिघडण्याच्या तक्रारी खऱ्या होत्या, समितीची काळजीही खरी होती. पण जोडप्याचा धोका जोडप्याच्या पातळीवर तोलायची पद्धत अजून तयार झालेली नाही, हेही तितकंच खरं.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राला या विषयाचा वारसा नाही असं कुणी म्हणू नये. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताच्या शिक्षणासाठी पॅरिसला राहून आले. फ्रान्सनं गर्भनिरोधनाच्या प्रचारावर बंदी आणली त्याच सुमारास, 1921 साली, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपलं केंद्र सुरू केलं; म्हणजे गिरगाव-दादरचा माणूस जगाच्या मागे नव्हता. त्यापायी कर्व्यांची प्राध्यापकी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकावर खटले झाले, एका खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. आंबेडकरांच्या पक्षानं 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठरावही आणला. तो फेटाळला गेला. हे सगळं आपण भाषणांत सांगतो. कर्व्यांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली होती, हे सांगताना मात्र आवाज थोडा खाली येतो. दुसऱ्यांच्या बायकांना उपदेश करणाऱ्या या गृहस्थानं आपल्या वाटणीचं कामही उरकलं होतं.

गांधीजींचा कर्व्यांच्या साधनांना विरोध होता. 1935च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटल्या, तेव्हाही ते ब्रह्मचर्यावरून हटले नाहीत. एका अर्थी तेही संयमाची जबाबदारी पुरुषावर टाकत होते. पण महात्म्याला जमेल ते साताऱ्याच्या शेतमजुराला किंवा गिरणी कामगाराला जमेल, हे गृहीत धरणं बायकांना फार महाग पडलं असतं.

पुरुषाचा सहभाग या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाला, आणि त्यानंच तो विषय संपवला. 1971 साली केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात एका महिन्याच्या शिबिरात साठ हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली; जगभर त्याचं कौतुक झालं. चार वर्षांनी आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांच्या. शिक्षकांना कोटा, तलाठ्याला कोटा, कोटा भरला नाही तर पगार बंद. महाराष्ट्र तर एक पाऊल पुढे होता. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक 1976 मध्ये इथल्या विधिमंडळानं मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते कायद्यात उतरलं नाही. सरकार पडलं, कार्यक्रमाचं नाव ‘कुटुंब नियोजन’ बदलून ‘कुटुंब कल्याण’ झालं, आणि सरकारी यंत्रणेनं त्यातून एकच धडा घेतला: पुरुषाच्या वाटेला जायचं नाही. तो मत देतो, मारतो, सरकार पाडतो. बायको मुकाट्यानं टेबलावर झोपते.

त्या धड्याचे आकडे आज समोर आहेत. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदीचा आकडा 0.3 टक्के. गर्भनिरोधन हे बायकांचं काम, पुरुषानं त्याची चिंता करू नये, या विधानाला 35 टक्के पुरुषांनी होकार दिला. उरलेल्या 65 टक्क्यांपैकी प्रत्यक्षात किती जण चिंता करतात, ते वरच्या 0.3 वरून ओळखावं. आणि बायकांचं ऑपरेशन काही निर्धोक नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत 83 स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या, त्यातल्या तेरा जणी दगावल्या. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांची, पोट न उघडता, तेवढ्यापुरती जागा बधिर करून होणारी. सरकार तिच्यासाठी स्त्रीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त पैसे देतं, तरी माणसं येत नाहीत. ‘अशक्तपणा येईल, ओझं उचलवणार नाही’ ही भीती गावोगाव ऐकू येते, आणि गंमत अशी की ती पुष्कळदा बायकोच बोलून दाखवते; घरातला कमावता हात आहे ना तो. आशाताईंच्या वहीत नावं असतात ती बायकांची, त्या घरी येतात ती वेळ नवरा कामावर असण्याची. त्याला विचारणार कोण आणि कधी?

या अंधारात आपल्याच देशात एक काम चिकाटीनं झालं, त्याचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. आयआयटी खरगपूरचे सुजॉय गुहा यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ‘रिसग’ या इंजेक्शनवर काम केलं. शुक्राणूवाहिनीत एक बहुवारिक पदार्थ टोचायचा. तिथून जाणारे शुक्राणू त्यानं निकामी होतात, नळी कापावी लागत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकारानं 303 पुरुषांवर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. गर्भ रोखण्यातलं यश 99 टक्क्यांवर आणि गंभीर दुष्परिणाम नाहीत. कल्पनेपासून इथवर यायला चार दशकांहून जास्त काळ गेला. परिणाम पुसून टाकता येतो हे प्राण्यांत दिसलं आहे. माणसात ते सिद्ध व्हायचं आहे.

पुस्तिकेच्या संपादकांनी या सगळ्या पद्धती शेजारी शेजारी मांडल्या आहेत, कुठल्याही एकीची जाहिरात केलेली नाही, हे मला योग्य वाटतं. उष्णतेच्या पद्धतीवरची प्रकरणं मोठी झाली आहेत, कारण मराठीत तिच्याविषयी वाचायला जवळजवळ काहीच मिळत नाही. ती वाचून कुणी घरी चड्डीला भोक पाडून प्रयोग सुरू करू नये. वीर्य तपासणीशिवाय ही पद्धत म्हणजे जुगार आहे, आणि हरल्याची किंमत पुन्हा बाईच मोजणार. शिवाय लैंगिक आजारांपासून ती कसलंही संरक्षण देत नाही. ते काम निरोधच करतो.

वाचकाला, त्यातही पुरुष वाचकाला, माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी पत्नी सरकारी दवाखान्यात तांबी बसवायला किंवा ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घ्यायला जाईल तेव्हा बाहेर मोटारसायकलवर बसून राहू नका. आत जा आणि माझ्यासाठी काय आहे, असं विचारा. आज मिळणारं उत्तर दोनच गोष्टींचं असेल: निरोध आणि बिनटाक्याची नसबंदी. दोन्ही तिथे मोफत मिळतात.